करड्या-हिरव्यातली कांचन

कांचन आणि यशोधन पेंडसे ऑकलंडजवळच्या पापाकुऱ्यात आमच्या रस्त्यावर राहायला आले ते २००४ च्या हिवाळ्यात. तोवर त्या रस्त्यावर मराठी बोलणारं एकच घर होतं, आमचं. त्यांचं सामान उतरत असतानाच मी चहाचा थर्मास घेऊन गेले आणि कांचननं चहा घ्यायच्या आधी मला सुनावलं, "ताई, तुमच्या दारातली जास्वंद तुम्ही पाणी घालून घालून मारताय."

ती तशीच होती. पुण्यात कॉलेजात बॉटनी शिकवायची. इथं आल्यावर तसलं काम मिळेना, तेव्हा मनुरेव्याला एका मोठ्या रोपवाटिकेत लागली. तिला त्याचा कमीपणा वाटला नाही. संध्याकाळी नखांत माती घेऊन यायची आणि माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून दिवसभराच्या गमती सांगायची. हसायची मोठ्यानं. तिचं हसू फाटकापर्यंत ऐकू जायचं. यशोधन मितभाषी. रस्ते आणि पूल बांधणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर, सकाळच्या ट्रेननं ऑकलंडला जाणारा, शनिवारी गवत कापणारा, कुणी काही विचारलं तर नेमकं तेवढंच उत्तर देणारा.

वर्षभरानं कांचनला दिवस गेले. यशोधनची आई, उर्मिलाकाकू, पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या. विमानतळावर त्यांच्या बॅगेतला डिंक आणि आळीव बघून कस्टम्सच्या माणसानं त्यांना अर्धा तास उभं केलं होतं, पण काकूंनी दोन्ही सोडवून आणलं. डोहाळजेवण माझ्या लाउंजमध्ये झालं. काकूंनी लक्ष्मी रोडवरून घेतलेली चंदेरी साडी आणली होती, हिरवीगार, बारीक जरीकाठाची. कांचनला त्या साडीत फुलांची वाडी भरून बसवलं, तर ती म्हणाली, "मी ग्रीनहाउससारखी दिसतेय." सगळ्या बायका हसल्या. यशोधननं बाळासाठीची खोली पिवळी रंगवली होती. मुलगा की मुलगी, माहीत नव्हतं. पिवळा दोघांनाही चालेल म्हणाला.

मार्चमध्ये, आठवा महिना सरत आला असताना, एका दुपारी कांचनला पोटातली हालचाल जाणवेना. हॉस्पिटलमध्ये गेले. मुलगी होती. जन्मली, पण तिच्यात श्वास नव्हता. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, की कारण कळत नाही, कित्येकदा कळतच नाही. कुणाची चूक नव्हती. रागवायलाही कुणी नव्हतं.

इथल्या स्मशानभूमीत लहान मुलांसाठी वेगळा कोपरा आहे. आम्ही पाच माणसं होतो. काकू गाडीतून उतरल्या नाहीत.

पुढच्याच शनिवार-रविवारी यशोधननं ती खोली पांढरी करून टाकली. पाळणा सुटा करून खोक्यात भरला आणि दुकानात परत देऊन आला. कुणाला विचारलं नाही. मी त्या रविवारी भाजी घेऊन गेले तेव्हा तो स्टुलावर उभा राहून छताच्या कडेला ब्रश फिरवत होता. वर्तमानपत्रावर पिवळे-पांढरे थेंब पडले होते. कांचन दारात उभी राहून बघत होती, जसं आपण शेजाऱ्यांकडं काम चाललेलं बघतो. मी म्हटलं, "कांचन, चल, माझ्याकडं ये थोडा वेळ." ती म्हणाली, "चालेल." आली, बसली, समोर ठेवलेला चहा गार होऊ दिला, आणि तासाभरानं मी "जायचं का?" विचारल्यावर पुन्हा "चालेल" म्हणाली.

मग सगळ्याला चालेलच झालं. ती रडली नाही. काकू मला म्हणायच्या, "एकदा रडली असती तर बरं झालं असतं गं." त्यांना स्वतःला काय करावं कळत नव्हतं, म्हणून बाळंतिणीसाठी आणलेला डिंक त्यांनी लाडवात घातला, आळिवाची खीर केली, आणि रोज वाटी भरून सुनेपुढं ठेवू लागल्या. ती खायची. बाळंतीण ती होतीच.

मे महिन्यात ती कामावर परत गेली. मराठी मंडळातल्या बायका भेटायला येऊन गेल्या. कुणी म्हणालं, तरुण आहात, होईल परत. कुणी म्हणालं, देवाचं देणं. कुणी काहीच न बोलता रुमाल डोळ्याला लावला आणि ती त्यांच्याकडं बघत राहिली. एकदा सुपरमार्केटमध्ये मी तिच्याबरोबर होते. तिच्या जुन्या ओळखीची एक बाई समोरून आली. "झालं का बाळ? काय झालं?" तिनं आनंदानं विचारलं.

"मुलगी," कांचन म्हणाली.

"अगंबाई! मग घरी कोण बघतं तिला?"

"सासूबाई आल्यात ना," कांचन म्हणाली, आणि ट्रॉली पुढं ढकलली. मी तिच्याकडं बघितलं. चेहऱ्यावर काहीही नव्हतं. खोटं बोलल्याचंही नव्हतं. पुढच्या रांगेत तिनं तुरीची डाळ घेतली.

आता माझं सांगते. मी एका डेंटिस्टकडं रिसेप्शनवर बसते, आणि शनिवारी सकाळी चर्चच्या हॉलमध्ये चित्रकलेच्या क्लासला जायचे. डोरीन नावाच्या सत्तरीच्या बाई शिकवायच्या. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या, हाडकुळ्या, खोकणाऱ्या, अतिशय कडक. आम्ही त्यांना धरून सात जण. रेल्वेतून रिटायर झालेला हेमी, दोन बहिणी, एक फार्मसिस्ट, एक नर्स आणि मी. हेमी दारातूनच सगळ्यांना नमस्कारादाखल "किया ओरा" म्हणत यायचा आणि आधी गॅसचा हीटर लावायचा, कारण हॉलचं छप्पर पत्र्याचं आणि जुलैत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, तिथं बोटं आखडायची.

त्या टर्मला डोरीननं पोर्ट्रेट घ्यायचं ठरवलं. त्यांना वेड होतं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या काही इंग्लिश चित्रकारांचं. त्यांची चित्रं असलेलं एक जाडजूड पुस्तक त्या घरून आणायच्या, मांडीवर घेऊन पानं उलटायच्या. करड्या भिंतीपुढं करड्या कपड्यातली बाई. पांढऱ्या पडद्यापुढं पांढऱ्या झग्यातली मुलगी. हातात पंखा नाहीतर फूल, नजर भलतीकडंच, आणि काहीही घडत नाही.

"लोक चिडायचे या चित्रांवर," डोरीन म्हणाल्या. "बाई कोण, कुणाची बायको, तिच्यावर काय गुदरलं, हे चित्रात शोधायचे आणि सापडायचं नाही. या चित्रकारांना ते सांगायचंच नव्हतं. करड्याशेजारी हिरवा ठेवला की पाहणाऱ्याच्या मनात जे उतरतं, तेवढंच चित्र. गाण्यात शब्द नसले तरी सूर लागतो ना, तसं."

आमच्यासाठी बसणार होती ती बाई पाय मोडून घरी पडली. डोरीननं विचारलं, कुणाच्या ओळखीचं कुणी आहे का, जे नुसतं बसू शकेल? न हलता, न बोलता? मला एकच माणूस आठवलं.

कांचनला विचारलं तर ती म्हणाली, "चालेल. काय करायचं?"

"काही नाही. बसायचं."

"ते जमेल," ती म्हणाली.

डोरीनला मी तिच्याबद्दल काही सांगितलं नाही. कांचननंच तसं म्हटलं होतं, गाडीत बसताना. "त्यांना सांगू नका, ताई." बरं म्हटलं. तिच्या हातात एक पिशवी होती. डोरीननं निरोप दिला होता, की साधंसंच पण अंगावर मऊ पडेल असं काहीतरी कापड हवं. हॉलच्या मागच्या खोलीतून कांचन कपडे बदलून आली आणि मी पॅलेटवर रंग काढता काढता थांबले. तीच साडी होती. डोहाळजेवणाची.

डोरीनला अर्थातच साडी फार आवडली. चंदेरीचं कापड पारदर्शक, घडीवर घडी आली की रंग गडद होतो आणि एकेरी असेल तिथं फिका. त्यांनी कांचनला खिडकीशी खुर्ची दिली. इथं आपल्या उलट असतं, सूर्य उत्तरेकडून जातो, म्हणून चित्रकाराला खिडकी दक्षिणेची लागते. दक्षिणेचा उजेड दिवसभर एकसारखा राहतो, गार, करडा. त्या उजेडात कांचन बसली. हात मांडीवर एकात एक. नजर हीटरच्या जरा वर, भिंतीवर. कुठं बघ, असं कुणी सांगितलं नव्हतं.

"डोकं जरा इकडं, लव्ह. बस. सुंदर," डोरीन म्हणाल्या. आणि मग हॉलमध्ये नुसता ब्रशांचा आवाज आणि पत्र्यावरचा पाऊस.

आधी सगळ्या कॅनव्हासला पातळ करड्याचा हात द्यायचा. निळा आणि तपकिरी मिसळून केलेला करडा, काळ्यातून केलेला नव्हे. त्यातून आकृती हळूहळू बाहेर काढायची. हिरवा माझ्याकडून फार चढला. डोरीन मागं येऊन उभ्या राहिल्या.

"हा हिरवा ओरडतोय. त्यात कणभर लाल घाल, गप्प होईल."

मी लाल घातला. साडी शेवाळ्यासारखी झाली. समोरच्या खऱ्या साडीपेक्षा ती चित्रातल्या कांचनच्या अंगावर जास्त शोभत होती.

परत येताना गाडीत मी शेवटी विचारलं, "हीच का आणलीस गं?"

"कपाटात वरच होती," ती म्हणाली.

तिनं दर शनिवारी यायला सुरुवात केली. घरी यशोधनला एवढंच माहीत होतं, की ती माझ्याबरोबर, म्हणजे नीताताईबरोबर, क्लासला जाते. त्याला वाटलं, शिकायला जाते. त्यानं आणखी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. त्या दिवसांत त्या घरात बोलणं डाळ-तांदूळ, वीज आणि ट्रेनची वेळ एवढ्यावर चाललं होतं. यशोधन उशिरापर्यंत ऑफिसात थांबायचा.

डोरीनची पद्धत अशी, की दर शनिवारी तासाअखेरीस आकृती फडक्यानं पुसून टाकायची आणि पुढच्या वेळी परत घालायची. ते चित्रकार तसंच करायचे म्हणे, माणसाला महिनोन्‌महिने उभं करून. "म्हणून तर चित्र ताजं दिसतं," त्या म्हणायच्या. "रंग दिसतात, कष्ट दिसत नाहीत." पुस्तकातल्या एका उदास चेहऱ्याच्या बाईकडं बघून नर्स म्हणाली, हिला किती दुःख असेल नाही. डोरीन खोकत हसल्या. "दुःख कसलं? चार-चार तास उभी असायची बिचारी. दमली असेल."

कांचननं मान वळवली आणि चित्राकडं पाहिलं. बसल्यापासून पहिल्यांदाच ती स्वतःहून काही बोलली. "तिचं नाव काय?"

"माहीत नाही बघ. असेल कुठं तरी लिहिलेलं. चित्राचं नाव मात्र रंगांवरून आहे. त्यांनी तशीच नावं दिली. माणसाचं नाव दिलं, की लोक रंग बघायचं सोडतात."

कांचननं पुस्तक मागून घेतलं. चहाची सुट्टी होती, हेमीनं तिच्या मांडीवर पुस्तक ठेवलं आणि पायाशी हीटर सरकवला. आम्ही बिस्किटं खाल्ली, ती पानं उलटत राहिली.

त्या दिवशी परतताना आम्ही खाडीच्या कडेनं आलो. भरती ओसरलेली, सगळा चिखल उघडा पडलेला. कांचन खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "आम्ही नाव ठरवलं नव्हतं. यशोधन म्हणाला, बारशाच्या वेळी ठरवू. पुण्याहून आत्या यादी पाठवणार होती."

मार्चपासून तिनं बाळाचा विषय स्वतःहून काढला नव्हता. मी "हं," एवढंच म्हणाले.

"दूध संपलंय," ती म्हणाली. "डेअरीपाशी थांबाल का?"

थांबले. ती दूध घेऊन आली, पिशवी पायाशी ठेवली, बेल्ट लावला. बस.

ऑगस्टमध्ये एका शनिवारी उर्मिलाकाकू आमच्याबरोबर आल्या. यशोधन कामावर गेला होता आणि त्या घरी एकट्या राहायला कंटाळल्या होत्या. कुठं जायचंय, कशाला, हे त्यांनाही धड ठाऊक नव्हतं. मी त्यांना मागच्या बाकावर बसवलं. कांचन बदलून बाहेर आली आणि काकू उठून उभ्या राहिल्या.

"ही साडी?" त्या मोठ्यानं म्हणाल्या. "ही साडी नेसून बसतेस इथं? या सगळ्यांच्यासमोर?"

हॉलमधले ब्रश थांबले. कांचन तिथंच उभी राहिली, एक हात निऱ्यांवर.

"काय झालं? त्या काय म्हणाल्या?" डोरीननं विचारलं.

कांचन इंग्लिशमध्ये म्हणाली, "साडी छान दिसते, म्हणाल्या." आणि खुर्चीवर जाऊन बसली.

काकू बसल्या नाहीत. मला वाटलं, आता त्या बाहेर निघून जातील. मी फडक्याला हात पुसत त्यांच्याकडं निघाले. पण त्या माझ्या शेजारून पुढं गेल्या, इझलांच्या मधून वाट काढत, सरळ कांचनपर्यंत. मग खाली वाकल्या.

"निऱ्या किती वाईट घातल्यास," त्या म्हणाल्या. "पाय दिसताहेत. ऊठ."

कांचन उठली. काकूंनी निऱ्या सोडवून परत घातल्या, एकसारख्या, चिमटीत धरून. पदर खांद्यावरून घेऊन मांडीवर आणला, त्याची एक घडी सरळ केली. गुडघे दुखत होते त्यांचे, उठताना त्यांनी सुनेच्या खांद्याचा आधार घेतला आणि हात जरा जास्त वेळ तिथंच ठेवला. कांचननं हात झटकला नाही, धरलाही नाही.

"अरे वा," डोरीन म्हणाल्या. "आता कशी लांबच लांब रेषा मिळाली! त्यांना सांग ना, दर आठवड्याला या म्हणावं."

मी सांगितलं. काकू दर आठवड्याला आल्या. साडी नेसवायच्या आणि मागच्या बाकावर जप करत बसायच्या. हेमी त्यांना चहा आणून द्यायचा, त्या "थँक्यू बाबा" म्हणायच्या. कांचनकडं त्या फार बघत नसत. आमची पाठमोरी डोकी आणि इझल बघायच्या. सप्टेंबरमध्ये त्यांचा वाढवून घेतलेला व्हिसाही संपला आणि त्या पुण्याला परतल्या. चित्रं तेव्हा अर्धवटच होती. जायच्या आदल्या दिवशी माझ्याकडं येऊन म्हणाल्या, "ती तिथं बसते ते बरं आहे. घरी तिला सारखं काहीतरी करावं लागतं." नंतर त्यांनी माझ्याकडून मसाल्याचा डबा परत नेला.

माझं चित्र काही जमत नव्हतं. साडी जमली, हात जमले, भिंतही बरी झाली. चेहऱ्याशी आलं की माझ्या हातून ती रडवेली व्हायची. मी डोळ्यांखाली सावली घालायचे, ओठांची कडा खाली न्यायचे. समोरची कांचन तशी दिसत नव्हती. तिचा चेहरा गालिच्यावर पडलेल्या उजेडासारखा होता, तिथं असलेला, बस इतकंच. डोरीननं एकदा, दोनदा पुसायला लावलं. तिसऱ्यांदा त्या वैतागल्या. "तू गोष्ट सांगतेयस. तुला काय माहीत आहे ते मला नको. काय दिसतं ते घाल."

मला ते जमलं नाही. बाकी कुणाला काही माहीत नव्हतं, त्यांना जमलं.

नोव्हेंबरमध्ये लायब्ररीच्या बाजूच्या खोलीत आमच्या क्लासचं प्रदर्शन लागलं. डोरीननं सगळ्यांच्या चित्रांना एकच नाव दिलं, 'करडा आणि हिरवा', पुढं एक ते सात आकडे. सातही चित्रं एका भिंतीवर, ओळीनं. हेमीच्या चित्रात खुर्ची मोठी, कांचन लहान, आणि समोर मोकळी जमीनच जमीन. बहिणींची दोन चित्रं एकमेकींसारखी. फार्मसिस्टचे रंग गोड होते, माणूस लाकडी. डोरीनचं चित्र मात्र खरंच चांगलं होतं. भिंतीचा करडा सरकत सरकत गालावर आलेला, साडीतला हिरवा जवळ गेल्याशिवाय हिरवा वाटू नये इतका दबलेला, आणि कानाच्या पाळीला एवढासा गुलाबी. तो गुलाबी सापडला की सगळ्या चित्रात माणूस असल्याचं कळायचं. शेवटचं माझं. त्यात चेहऱ्याच्या जागी पुसलेला करडा होता. डोरीन म्हणाल्या, राहू दे तसंच, खोट्यापेक्षा बरं.

कांचन मागच्या बाजूला कप विसळत होती. त्या दिवशी तिची गाडी गॅरेजमध्ये होती, म्हणून यशोधन तिला न्यायला आला. दारात उभा राहून त्यानं घड्याळ बघितलं, मला बघून हात केला आणि आत आला. मग त्याची नजर भिंतीकडं गेली.

तो पहिल्या चित्राशी गेला. मग दुसऱ्या. प्रत्येकापुढं थांबत, दोन्ही हात पँटच्या खिशात घालून, साइटवर काम तपासतो तसा. चौथ्यापाशी त्यानं खिशातून हात काढले.

"ताई, हे सगळं हिचंच आहे?"

"हो."

"मला वाटलं, ही शिकायला जाते."

"बसायला यायची. आम्ही काढायचो."

तो पुढं सरकला. डोरीनच्या चित्रापुढं बराच वेळ उभा राहिला. "ही ती साडी आहे," तो म्हणाला. त्यानं पुन्हा पहिल्या चित्राकडं वळून बघितलं, मग दुसऱ्याकडं. "सगळ्यांनी एकच चेहरा काढलाय."

"तसाच होता रे."

"रोज?"

"दर शनिवारी."

माझ्या चित्रापाशी येऊन तो म्हणाला, "इथं का नाही?"

"मला जमला नाही."

त्यानं मान हलवली. कांचन कप पुसत बाहेर आली आणि त्याला बघून म्हणाली, "पाच मिनिटं, हे ठेवते." तो तिच्याकडं बघत राहिला, भिंतीवरच्या सहा चेहऱ्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या तिच्याकडं, आणि वळून बाहेर गेला.

कारपार्कमध्ये काय झालं ते कांचननं मला आठवड्याभरानं सांगितलं, माझ्या ओट्याशी उभं राहून, बातमी सांगावी तसं. ती गाडीत जाऊन बसली तेव्हा यशोधन स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडत होता. मोठ्यानं. शेजारच्या गाडीतल्या बाईनं खिडकी खाली करून विचारलं, सगळं ठीक आहे ना? कांचन हो म्हणाली. मग यशोधन म्हणाला, "मी ती खोली रंगवायला नको होती."

"तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, रंगवलीस ते बरं केलंस की वाईट, मला तेव्हा कळलं नाही. अजूनही कळत नाही." तिनं वाटीतल्या शेंगदाण्यांची सालं फुंकली. "मग तो म्हणाला, मला वाटलं तुला त्रास होऊ नये. मी म्हटलं, त्रास झाला नाही. काहीच झालं नाही. त्यावर तो आणखी रडायला लागला."

"आणि तू?"

"मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. शर्ट ओला झाला होता घामानं. निळा शर्ट होता, ओला होता तेवढाच गडद दिसत होता." तिनं वाटी खाली ठेवली. "मला वाटलं होतं, तो रडला की मलाही येईल. नाही आलं. मग आम्ही घरी जाऊन टोस्ट खाल्ला."

त्यानंतर यशोधन ऑफिसातून लवकर यायला लागला. दोघं संध्याकाळी खाडीपर्यंत चालत जायचे. फार बोलताना दिसत नसत, पण बरोबर जायचे. रविवारी ती दोघं स्मशानभूमीतही जाऊ लागली. कांचननं तिथं एक लहानसं मानुकाचं झुडूप लावलं, परवानगी काढून. ते जगलं.

प्रदर्शन उतरवायच्या दिवशी यशोधन परत आला आणि हेमीला म्हणाला, तुमचं चित्र मला मिळेल का? मला वाटलं होतं तो डोरीनचं मागेल, सगळेच त्याची तारीफ करत होते. हेमीनं विचारलं, हेच का? ह्यात तर ती नीट दिसतही नाही.

"ह्यात जागा आहे," यशोधन म्हणाला.

हेमी म्हणाला, "स्वीट ॲज, खुशाल घेऊन जा." आणि भिंतीवरून काढून त्याच्या हातात दिलं.

कांचन पुढच्या टर्मला बसायला आली नाही. डोरीननं निरोप पाठवला होता, पण ती म्हणाली, नको, आता शनिवारी आम्ही बाजारात जातो. डोरीनना अखेरपर्यंत कुणी काही सांगितलं नाही. त्यांना कळलं होतं की नाही, ते मला माहीत नाही. एकदा त्या मला म्हणाल्या होत्या, इतकं स्थिर बसणारी माणसं मी आयुष्यात दोनच पाहिली, आणि पहिली कोण ते सांगितलं नाही.

२००७ च्या सुरुवातीला यशोधनला उत्तरेकडच्या बसवेच्या, म्हणजे फक्त बसगाड्यांसाठीच्या रस्त्याच्या, कामावर पाठवलं आणि त्यांनी अल्बनीला घर घेतलं. पापाकुऱ्याचं भाड्याचं घर रिकामं करायला मी मदतीला गेले. यशोधन ट्रक घेऊन पुढं गेला. आम्ही दोघी खोल्या पुसत होतो. पांढऱ्या खोलीत कांचननं खिडकी उघडली, कोपऱ्यातली धूळ काढली, ओला मॉप फिरवला आणि दार लोटून पुढच्या खोलीत गेली. बाकी घराला जेवढा वेळ दिला तेवढाच.

गाडीच्या मागच्या सीटवर हेमीचं चित्र बेडशीटमध्ये गुंडाळून ठेवलं होतं. कांचन स्टिअरिंगवर बसली, काच खाली केली.

"ताई, बाथरूमच्या नळाचा वायसर बदलायचा राहिला. नवीन लोकांना सांगाल ना?"

"सांगते. पोचलीस की फोन कर."

"करते," ती म्हणाली.

केला तिनं. आता ती अल्बनीजवळच्या एका नर्सरीत स्थानिक झाडांच्या बियांचं काम बघते. रविवारी कधीतरी फोन येतो. कौरीच्या रोपांबद्दल सांगते, यशोधनच्या पाठदुखीबद्दल सांगते. मूलबाळाचं मी विचारत नाही, ती काढत नाही. गेल्या महिन्यात माझ्या जास्वंदीची पानं पिवळी पडली म्हणून मी तिला सांगितलं, तर म्हणाली, "मॅग्नेशियम कमी पडलं असेल. बघा घालून."